बुधवारच्या आधी

बुधवारी दस्तगीरचा गुडघा बदलणार होते.
म्हणून रविवारी सकाळी सहाला
किल्ल्याच्या तळ्यापाशी आम्ही चौघं.
"जुन्या गुडघ्यानं एकदा गाव बघून घेतो बे,
नव्याला कुठली ओळख?"

तेहेतीस वर्षं कंडक्टर.
सौंदत्ती, गोकाक, खानापूर, चंदगड,
साऱ्या मुलखाला तिकिटं फाडून दिली
आणि स्वतःच्या गावात कधी पायी उतरला नाही.

शिवलीलानं छत्री आणलेली. ऊन नाही, पाऊस नाही,
पण कन्नड शिकवून शिकवून
हातात काहीतरी लागतंच तिला.
भरमा पेंटर नेहमीसारखा उशिरा,
नखांत कुठल्यातरी दुकानाचा निळा.

खंदकात पाणी कमी, शेवाळ जास्त.
दाराशी दुर्गेपुढं आम्ही हात जोडले,
दस्तगीरही थांबला, चप्पल काढून.
"रिक्वेस्ट स्टॉप आहे," म्हणाला.

कमल बस्तीत माना वर.
छतातून उलटं लोंबणारं दगडी कमळ.
शिवलीला पाकळ्या कन्नडमधून मोजायला लागली, मी मराठीतून,
इप्पत्तेरडु, बावीस,
तिथंच दोघींचीही चुकली.
पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकली.
भरमाचं लक्ष बाहेरच्या पाटीवर:
"‘संरक्षित’मधला ‘क्ष’ कुणी काढलाय बघा.
पाय मोडलाय त्याचा."
दस्तगीरनं आपल्या पायाकडं पाहिलं
आणि इतका हसला की रखवालदार उठून आला.

साफा मशिदीत तो आत गेला. आम्ही बाहेर, सावलीत.
बराच वेळ लावला.
"गुडघ्यासाठी मागितलंस?"
"नाही. डॉक्टरसाठी.
परवा त्याचा हात कापत होता, चहाच्या कपाला."

खडे बाजारात पोचलो तेव्हा शटर सगळी खाली.
आणि इथून भरमाचं गाव सुरू झालं.
हे माझं. हे माझं. त्या फ्लेक्सच्या मागं, ते पण.
घड्याळवाल्याची सावलीतली अक्षरं,
सराफाचा सोनेरी ‘श्री’,
रात्री दीडला शिडीवरून पडून काढलेलं मेडिकल.
कुठला हुकूम कुठल्या साली आला, त्याला पाठ:
वरचं खाली घे, खालचं वर घे,
हे मोठं कर, ते बारीक.
एका दाराशी थांबला. तिथं नुसता काळा पट्टा.
"हे पण माझंच," म्हणाला.
"मीच लिहिलं, मीच पुसलं.
पुसायचे पैसे जास्त मिळाले.
पोरीच्या फीचे दिवस होते."

कुणी काही बोललं नाही.
मग शिवलीलानं छत्रीच्या टोकानं
धुळीत तिच्या लिपीतला ळ काढला.
भरमा खाली बसला, शेजारी आपला काढला,
तिचा जरा दुरुस्त केला.
"मान अशी वळवायची, बाई.
गावाच्या नावात दोन्हीकडं आहे हा,
मला कधी जड गेला नाही."
एक सायकल आली आणि दोन्हींवरून गेली.
पेपरवाला होता.

गणपत गल्ली, मारुती गल्ली,
पाव किलो कुंदा, कागदावरच, चौघांत.
कपिलेश्वराच्या पुलावर अर्ध्यात
दस्तगीर कठड्याला टेकला.
खालून मिरजेची गाडी गेली.
"चढायला नाही रे दुखत. उतरायला."
शहापूर समोर दिसत होतं,
विणकरांची गल्ली राहिली होती,
माझी शाळा राहिली होती,
यादीतलं निम्मं राहिलं होतं.

रिक्षावाल्यानं विचारलं, "एल्लिगे, कुठं?"
एकाच श्वासात, इथं विचारतात तसं.
चौघांनी चार ठिकाणं सांगितली.
त्यानं रिक्षा बंद केली,
आणि बिडी पेटवली.