दोन मिनिटं

तुझ्ला गावाखाली मीठ आहे.
पिढ्यान्‌पिढ्या उपसलं,
म्हणून जमीन मधूनमधून खचते.
आम्ही भिंतीतल्या भेगा लिंपतो, चहा टाकतो.

त्या फेब्रुवारीत सरकारी कचेरीच्या खिडक्या काळ्या पडल्या.
धुराचा वास केसांतून जाईना.
मग सगळे सभागृहात जमलो आणि ठरलं :
प्रत्येकाला दोन मिनिटं.
मंत्री असो, हमाल असो.
घड्याळ कुणाकडे?
माझ्याकडे. आईचं, अंडी उकडायचं,
प्लॅस्टिकची पिवळी कोंबडी.
मान पिळली की कुरकुरत राहते,
वेळ भरली की ओरडते.

रेफिका उठली. साबणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं.
"लढाईत एक पाळी चुकवली नाही,
तोफांचे आवाज मोजत कामावर गेलो.
शांतता आली आणि कारखाना विकला.
सत्तावीस महिने पगार नाही. आणि विकला केवढ्याला, तर..."
कोंबडी ओरडली.
"एका नाण्याला," ती बसता बसता म्हणाली.

विरोधी पक्षाचे पुढारी आले, ओव्हरकोटासकट.
दहा मिनिटं मागितली, दोन मिळाली.
"या शहराच्या मिठाला आम्ही जागलोय..."
मागून एक बाई :
"मग आमचंच ताट अळणी कसं?"
हसू थांबेस्तोवर त्यांची वेळ संपली.

मग नेझिर.
एक पाय स्वतःचा, एक ऑस्ट्रियात बनलेला.
माइकसमोर उभा राहिला.
बोलला नाही.
कोंबडी कुरकुरत होती, तेवढाच आवाज.
तिसऱ्या रांगेत मिलोयको,
तेव्हा टेकडीच्या पलीकडच्या अंगाला असलेला,
त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
"उरलेले पुढच्याला द्या," नेझिर म्हणाला.
मी पाहिलं. अकरा सेकंद.
पुढचा म्हातारा पेन्शनचं विचारायला आला होता;
तो खरंच अकरा सेकंद जास्त बोलला.

राजीनामे आले. खुर्च्या होत्या तिथंच राहिल्या.
मे महिन्यात पूर आला,
घोषणांच्या काठ्यांना आम्ही फावडी ठोकली.
सभागृह परत लग्नांना मिळू लागलं.

कोंबडी आता आईच्या ओट्यावर असते.
सकाळी ती ओरडली की
मी अजून मान वर करते :
पुढचं कोण?

आई अंडं सोलत म्हणते,
मीठ दे इकडे.