पळीभर पाणी

आधी पायातली चप्पल निसटली.
जिन्यात, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर.
मंदार हसला, म्हणाला, मुंग्या आल्यात,
आणि एका पायाने अनवाणीच वर आला.
रात्री हातातून चमचा निसटला.
पहाटे शब्द.

धायरीत तेव्हा टँकरमागे रांगा होत्या.
विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून
तपासायला नेलं होतं कुठेतरी,
आणि सोसायटीच्या ग्रुपवर
जार कुणाकडून घ्यावा याची भांडणं.
आजाराचं नाव आईच्या जिभेवर बसेना.
ती त्याला नुसतं ‘ते’ म्हणायची.
‘ते’ छातीपर्यंत जायला नको, म्हणायची.

गेलं.

अतिदक्षता विभागाबाहेर निळ्या खुर्च्या,
त्यातली एक मोडकी, तिच्यावर आमच्या पिशव्या.
शेजारच्या बायका सुचवत राहिल्या,
सोळा सोमवार कर, पायी चालत येते म्हण,
एकशे एक नारळांचं तोरण बोल.
आई नवस बोलली नाही.
म्हणाली, माझा मुलगा काय
देवाकडे गहाण ठेवलाय, सोडवून आणायला?
पण ओठ हलत होते तिचे.
काय म्हणत होती, मी विचारलं नाही.

औषधाची एकेक कुपी वीस हजारांची.
बाबांनी टेम्पो विकला.
मावशीने भिशी मध्येच उचलली,
मामाने काहीच न विचारता पैसे पाठवले
आणि नंतर फोनवर फक्त क्रिकेटबद्दल बोलला.
नर्स म्हणाली, हे रक्तापासून बनतं,
हजारो लोकांचं एकत्र करून.
कोणाचं? आईने विचारलं.
ते कसं कळणार, काकू?
त्या रात्रीपासून आईच्या प्रार्थनेत
एक नवीन ओळ आली:
ज्यांचं रक्त माझ्या मंदारमध्ये आहे
त्यांची मुलं जेवलेली असू देत.

आणि बाबा. गणपतीत आरती चालू असताना
बाल्कनीत पेपर वाचत उभे राहणारे बाबा.
त्यांचा शर्ट भिजवायला घेतला तेव्हा
खिशात कागदाची पुडी, अंगाऱ्याची.
कुठल्या देवळातला, कधी आणला, कोण जाणे.
मी शर्ट धुतला, वाळवला,
इस्त्री करून पुडी परत खिशात ठेवली.
दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच शर्ट घातला.

तेविसाव्या दिवशी यंत्र निघालं.
गळ्याला भोकाची खूण, आवाज घोगरा.
घरी आला तो खुर्चीवरून,
शेजारच्या चौघांनी जिन्यातून उचलून.
त्या वळणाशी सगळे दम घ्यायला थांबले.

आता व्यायाम शिकवायला काळसेकर मॅडम येतात.
परवा उजव्या पायाचा अंगठा हलला.
आईला वाटलं, तिलाच भास झाला.
मॅडम म्हणाल्या, पुन्हा हलव.
पुन्हा नाही हलला.
मॅडम म्हणाल्या, हरकत नाही, उद्या.

घरात पाणी वीस मिनिटं उकळतं,
घड्याळ लावून.
पिण्याचं, भांड्यांचं, बाळकृष्णाच्या आंघोळीचंसुद्धा.
अगं, देवाला कशाला? मी म्हटलं.
पितळेचा असला म्हणून काय झालं, आई म्हणाली,
त्याच्या अंगावरून उतरलेलं आपण पितो ना.

आज एकादशी. तिने तीर्थाची पळी पुढे केली
आणि मंदार पाण्याकडे बघत राहिला.
तुळशीचं पान तरंगत होतं.
मिक्सर बंद केला मी.
कुणी काही बोलेना.
याच शहराच्या पाण्याने त्याचे पाय नेले,
हे त्या पळीलाही ठाऊक असावं.

आईने पळी मागे घेतली.
आधी स्वतः प्यायली.
मग बसून राहिली त्याच्यासमोर,
जणू काही घाई नाही, जणू दुपारचा स्वयंपाक
दुसऱ्याच कुणाला करायचाय.

बऱ्याच वेळाने त्याने हात पुढे केला.
बोटं अजून नीट मिटत नाहीत.
मी त्याच्या ओंजळीखाली माझी ओंजळ धरली,
तरी निम्मं फरशीवर सांडलं.
निम्मं प्यायला.

बाबा फडकं घेऊन आले.
आई उठायला लागली तर म्हणाले,
बस तू, मी पुसतो.
कुणाचा पाय सरकायला नको.