मीटरवरचा लाल ठिपका

चौतीस वर्षं ह्यांनी दिवा लावायचा पगार घेतला.
प्रत्येक दीपगृहाची मिचकायची रीत वेगळी,
अंधारात नुसती उघडझाप मोजून
खलाशी ओळखतो, आपण कुठं आहोत.
आता निवृत्तीत, मिठमुंबरीच्या घरात,
हा माणूस दिवे विझवत फिरतो.

मी न्हाणीतून बाहेर येईस्तोवर न्हाणी काळोखात.
भाकरी थापतेय तर पाठीमागं खटका खाली,
‘उजेड आसा मगे, दिवो कित्याक?’
उजेड आहे, खरंच. कौलांत दोन काचा बसवल्यात,
स्वतः शिडीवर चढून.
बाराला ओट्यावर उन्हाचा चौकोन येतो,
साडेबाराला कोकमाच्या बरणीवर,
एकला भाताच्या टोपावर.
मी घड्याळ बघणं सोडलंय.

बिल आलं त्या दिवशी सुरू झालं हे.
दोनदा वाचलं, मग पालथं करून मागची बाजूही.
मग वही. मग मीटरसमोर स्टूल.
तीन हजार दोनशे वेळा ठिपका मिचकला की एक युनिट,
बारीक अक्षरात तिथं छापलेलंच होतं,
आम्ही त्यावर आजवर छत्री अडकवत आलो.

जुनी सवय हाताला आली.
मनगटावर घड्याळ, ओठांत आकडे.
गिझर लावला की ठिपक्याला धाप लागते.
गिझर बंद. परसात बंब पुन्हा उभा,
सोडणं, वाळक्या झावळ्या,
पाण्याला धुराचा वास,
जो मला आवडतो, हे मी सांगितलेलं नाही.
फ्रिजच्या दारात दहाची नोट धरून ओढली,
सुळकन बाहेर. ‘बघ, थंडावा असोच जाता.’
नवं रबर आलं. नोट आता अडकते.
देवघरातला झिरोचा बल्ब नावाला झिरो,
वहीत पंधरा वॅट.
त्याला देवापुढून उठवला.

एका रात्री घरातले सगळे खटके खाली.
टीव्हीचा डबा, ज्यावर मांजर निजतं, तोही गार.
बॅटरी घेऊन दोघं मीटरसमोर.
ठिपका थांबला.
मग मिचकला.
‘अजून कोण आसा?’
बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर.

न्हाणीमागून, गडग्यावरून, कण्हेरीच्या आडोशानं
एक वायर जाते जुवाटकरांकडं.
थकबाकीपायी त्यांची लाईट शिमग्यात तोडलेली,
सतेज दहावीला.
वायरमन पोराला मी चारशे रुपये दिले
आणि सुरमईच्या दोन तुकड्या, गप्प बसायच्या.

हे वायरीच्या मागोमाग गेले. बराच वेळ.
आले तेव्हा रुमालात धरलेला साठचा पिवळा बल्ब,
अजून चटका देणारा.
काही बोलले नाहीत. फडताळातला नऊ वॅटचा काढून
पुन्हा गडगा ओलांडला,
या वयात, लुंगी सावरत.
मग स्टुलावर बसून मोजलं.
वहीत त्या रात्रीची शेवटची ओळ:
पलीकडे, नऊ. चालू.

आता खिडकी उघडी टाकून निजतो,
खारा वारा पंख्याचं काम करतो, बरंचसं.
वाशांवरून उजेडाचा पट्टा सरकतो,
तो दिवा म्हणे हल्ली आपोआप लागतो.
‘ह्याचा बिल कोणाक हो?’ मी विचारते.
उत्तर नाही.
डोळे मिटलेले, ओठ हलतायत.