किती जण?

पहिल्यांदा एकटी हॉटेलात शिरले तेव्हा
वय चौतीस, पगार झालेला,
कोर्टातून सुटून पायात गोळे.
गल्ल्यावरच्या काकांनी विचारलं, किती जण?
मी मागे वळून पाहिलं.
मागे कुणीच नव्हतं.
एकच, म्हणाले,
आरोपीने गुन्हा कबूल करावा तशी.

फॅमिली रूम वर आहे, ते म्हणाले.
वर पंखा, पारा उडालेला आरसा, चार खुर्च्या.
मटार उसळ मागवली, स्लाइस.
तीन रिकाम्या खुर्च्यांच्या देखत
वाटी पुसून खाल्ली.

मग चटक लागली.

शनिवारात एक मिसळवाला आहे,
तो बंद करताना घड्याळ बघत नाही,
पातेल्याचा तळ बघतो.
तिथे रस्सा दुसऱ्यांदा मागताना
आवाज किंचित खाली आणावा लागतो.
कॅम्पात बनमस्का. लोणी इतकं
की दातांचे ठसे मोजता यावेत.
एकादशीला मी उपवास करत नाही,
उपवासाचं खाते:
खिचडी, काकडी, वर ताक,
आणि शेजारच्या टेबलावरचे खरे उपाशी लोक
माझ्याकडे आदराने बघतात.
नळस्टॉपची भेळ एकदाच खाल्ली. चिंच कमी.

वहिनी म्हणते, घरी काय कमी आहे?
नीलांबरी, घरी कमी काहीच नाही.
फक्त वाढणारी मी असते.
इथे कुणीतरी माझ्यापुढे ताट आपटतं
आणि मला ते आपटणंसुद्धा आवडतं.

कोर्टाजवळच्या उडप्याकडे शेट्टीगार
एका हातात चार ग्लास आणतो, बोटं पाण्यात,
आणि माझ्यापुढे नेहमी दोन ठेवतो.
पहिलं वर्षभर वाटलं, चिडवतो.
मग कळलं, हाताची सवय आहे.
दुसरा ग्लास तसाच राहतो,
काचेवर थेंब जमतात, मी डोसा खाते.

मार्चमधल्या एका मंगळवारी, दीडच्या गर्दीत,
त्यानं त्या ग्लासासमोर एक बाई आणून बसवली.
मालन ओव्हाळ, दौंड.
तिनं नाव सांगितलं नाही. मला माहीत होतं.
सकाळीच मी टाइप केलं होतं:
अर्जदार हजर. सामनेवाला गैरहजर.
पुढील तारीख एकोणीस.
टंकलेखकाकडे कुणी बघत नाही.
तिनंही पाहिलं नव्हतं.

मेन्यूकार्डावर तिचं बोट
पदार्थांवरून नाही, आकड्यांवरून फिरत होतं.
एक इडली म्हणाली.
दोन येतात, शेट्टीगार म्हणाला.
मग एवढं पाणी प्यायली, त्या दुसऱ्या ग्लासातलं,
एका दमात, की मला बरं वाटलं.
बाहेर एकटीनं कधी खाल्लं नाही हो, म्हणाली,
समदी बघत्यात असं वाटतंय.
मी आजूबाजूला पाहिलं.
सगळे आपापल्या सांबारात होते.
धीर द्यायला मला काही सुचेना.
म्हटलं, सांबार परत मागा. पैसे पडत नाहीत.

तिनं तीनदा मागितलं.
तिसऱ्यांदा तर शेट्टीगारकडे न बघता,
नुसती वाटी पुढे सरकवून.
हे शिकायला मला दोन वर्षं लागली होती.

एकोणीसला साहेब रजेवर. पुन्हा तारीख.
मी मुद्दाम दीडला गेले,
नेहमीच्या टेबलाशी, नेहमीचे दोन ग्लास.
ती आधीच आलेली, खिडकीकडच्या टेबलाला,
पदर खोचलेला, समोर उत्तप्पा,
कांदा बाजूला काढून ठेवत होती.
एकदा वर पाहिलं तिनं.
मला ओळखलं नाही,
किंवा ओळखलं आणि तरी
एकटीच जेवत राहिली.

मी दुसरा ग्लास ओढला
आणि प्यायले. कोमट झाला होता.