रिकामा रकाना

सांगलीच्या मार्केट यार्डात, दुसऱ्या मजल्यावर,
मला एक खुर्ची मिळाली, जिचं एक चाक फिरत नाही,
आणि एक हुद्दा, जो घरी कुणाला सांगता येत नाही.
अम्मी शेजारणीला म्हणाली, "कम्प्युटरवर हळद मोजते."
तसं पाहिलं तर बरोबरच आहे.

पहिला आठवडा मी नुसती नावं धुतली.
राजापुरी, राजापूरी, रा. पुरी,
आणि एके ठिकाणी फक्त "ती नेहमीची".
कवठेकरांचं एकच दुकान चार स्पेलिंगांत
चार व्यापारी होऊन बसलेलं,
एकाची उधारी दुसऱ्याला ठाऊक नाही.
पुण्याच्या तीन महिन्यांच्या कोर्सात
डेटा कसा आंघोळ करून, भांग पाडून समोर यायचा!
इथे तो पोत्यातून येतो,
की-बोर्डच्या फटींत पिवळी धूळ सांडत.

मगदूम अण्णा एकतीस वर्षं वह्या लिहितात.
माझ्या स्क्रीनकडे बघतात
स्थळ पाहायला आलेल्या माणसासारखे:
चहा घेतात, मत देत नाहीत.
एकदा म्हणाले, पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा,
बोटं बोटांशी बोलायची, भाव दोघांनाच कळायचा.
"आणि तू आता सगळं भिंतीवर लावणार? रंगीत?"
हो म्हटलं. जरा हळूच.

महिनाअखेर. पहिला रिपोर्ट.
सहा वर्षांची रोजची आवक, एका रेघेत.
मालकांनी वाकून बोट ठेवलं
रेघ धाडकन तळाला गेली होती तिथेच.
"या ऑगस्टात काय झोपला होता सगळे?"
रकाने रिकामे होते. शून्य मी भरलं होतं,
फॉर्म्युला अडत होता म्हणून.
शून्यावर काहीच अडत नाही.

अण्णा चष्मा पुसत राहिले.
"शून्य नाही बाळ ते.
शून्य म्हणजे गाळा उघडला, दिवसभर बसलो, कुणी आलं नाही.
तेव्हा गाळाच पाण्यात होता.
पोती फुगून दाराला आतून टेकलेली.
वह्या मी नंतर गच्चीवर वाळवल्या, पापडासारख्या,
पान पान सोडवून.
त्या दिवसांची पानं सुटलीच नाहीत."

मी शून्यं पुसली. नऊ.
एकदम निवडून पुसता येतात,
तरी एकेक करून पुसली.
आता रेघ येते, थांबते,
आणि पलीकडच्या काठावरून पुन्हा चालू लागते.
मालक म्हणतात, ग्राफ तुटल्यासारखा दिसतो, जोडून टाक.
त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक बारीक चौकोन असतो,
टिक केली की झालं.
"जोडता येतो सर," मी म्हणाले, "पण तुटलेलाच बरोबर आहे."
प्रोबेशनचे अजून पाच महिने आहेत.

संध्याकाळी अण्णांनी खणातून
चिकटलेल्या पानांचा एक ठोकळा काढून टेबलावर ठेवला.
"बघ, तुझ्या मशीनला वाचता येतंय का."

नाही येत.
तारखा तेवढ्या घातल्यात.
समोरचा रकाना तसाच ठेवलाय.