चौदावा माग

बर्फ म्हणजे बटाट्याचं पीठ.
चामडी पिशवीत भरायचं, अंगठ्यांनी दाबत जायचं,
करक्, करक्,
की पडद्यावरचा शिपाई जंगल ओलांडतो.
खरा बर्फ आमच्या वूच शहरात
दाराबाहेर फुकट पडलेला असतो,
पण माइकपुढे आणला की नुसता ओला होतो. बोलत नाही.

हाड मोडायचं तर सेलरीची जुडी.
कबुतर उडवायला जुने हातमोजे.
चुंबन माझ्याच मनगटावर.
अठ्ठावन्न वर्षांची मी, किती तरण्या नायिकांच्या वतीने
स्वतःचाच हात चुंबत आले, हिशेब नाही.
काचेपलीकडून रेमिगिउश म्हणतो,
"पुन्हा घेऊ. बाई रागात चाललीय, तुझी दमलेली वाटते."
मी भार टाचेवर घेते.
राग टाचेत असतो, थकवा चवड्यात.

या मार्चमध्ये एक फिल्म आली
आमच्याच गावच्या सूतगिरणीची:
एका छताखाली तीनशे माग.
गिरणीत आता दुकानं आहेत, सरकते जिने.
माग भंगारात गेले, जाताना आवाज घेऊन गेले.

मी जमवाजमव केली.
शिलाई मशीनचं पायडल, लोखंडी खाटेची जाळी,
धोट्यासाठी स्वयंपाकघरातला एक कुरकुरा ड्रॉवर.
थरावर थर चढवत रेमिगिउशने तिनाचे तीनशे केले.
दिग्दर्शक खूश.
मला झोप येईना.

रविवारी आईला घेऊन आले.
एकोणतीस वर्षं ती त्या मागांवर उभी होती;
तिच्या कानांनी तिच्याआधी निवृत्ती घेतली.
माझा एकही सिनेमा तिने ऐकलेला नाही.
शेवटी नावं सरकू लागली की टाळ्या वाजवते,
किती जोरात, ते तिला कळत नाही.

स्पीकर उताणा ठेवला, वर लाकडी फळी.
तिने बूट काढले, मोजेही,
फळीवर उभी राहिली, तळहात भिंतीला टेकून.
रेमिगिउशने गिरणी सुरू केली.

बराच वेळ काहीच नाही.
मग भुवया आक्रसल्या.
"सगळे माग एकाच वयाचे कसे?"
बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात.
"माझा चौदावा कुठाय? तो लंगडायचा.
दर आठव्या फेकीला धोटा अडायचा,
मग मी गुडघ्याने ढकलायचे. हा असा."

धप्प.
भिंतीवरची कुलपं, साखळ्या, पातेली
सगळी एकदम किणकिणली.

रेमिगिउशने न विचारता बटण दाबलेलं होतं.

तो गुडघा फिल्ममध्ये आहे.
तीनशेंच्या गदारोळात
तुम्हाला सापडायचा नाही.
नावांच्या यादीत गेनोवेफा नाही;
निर्माता म्हणाला, नियमात बसत नाही.

आई अजून विचारते, गुडघ्याला मलम चोळता चोळता,
"आवाज बरा आला ना गं?"

मी तिच्यासमोर बसते, ओठ सावकाश हलवते:
आला.
लंगडत आला.