आतली बाजू

वार्षिक अहवालात हे बसत नाही, म्हणून इथं लिहितो.
मी, खजिनदार, वय एकसष्ट, डावा गुडघा बाद.

इराणी खणीच्या पलीकडं आमचं मैदान.
मैदान म्हणजे, गवत सोडून सगळं आहे तिथं.
पहाटे साडेपाचला इलाही मुजावर फक्की मारत असतो
पंक्चरचं दुकान उघडायच्या आधी.
दोरी नाही, टेप नाही,
नुसत्या नजरेनं पेनल्टीचा चौकोन.
तेवीस वर्षांत रेष एकदाच वाकडी गेली,
थोरली सासरी निघाली त्या दिवशी.

अध्यक्ष पिराजी साळोखे, रिक्षावाले.
मीटिंगला मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात
आणि मग त्याच्याकडं अजिबात बघत नाहीत.
नऊचा विषय साडेअकराला निघतो,
तोही चहाचे पैसे कुणी द्यायचे, एवढाच.
पोरांच्या बुटांसाठी त्यांनी बायकोला न सांगता
रिक्षाची स्टेपनी विकली.
हे मला माहीत.
इलाहीला माहीत, कारण घेतली त्यानंच.
आणि बायकोला तर त्याच संध्याकाळी.

गंगावेशीच्या कट्ट्यावरचा धोंडू गवळी
कमिटीत नाही, पावतीपुस्तकात नाही.
जिंकलं की अकरा पेले धारोष्ण,
हरलं की बावीस.
"हरल्यावर अंगात काय ऱ्हातंय रं," म्हणतो,
आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारतो,
जसा काही गोल तिनंच खाल्ला.

तर, शर्टांचं.
गेल्या साली अगदीच नड होती.
पोरं पंचेचाळीस, त्यात सहा पोरी,
शर्ट एकवीस, त्यातले चार नावापुरते.
तेव्हा एक साहेब आले. नाव लिहीत नाही,
मला ह्याच गावात राहायचं आहे.
पन्नास शर्ट दिले, पिवळेधमक, भारी कापड,
आणि छातीवर परातीएवढा
साहेबांचा हसरा फोटो.

घ्या, म्हणाले तिघं.
परत करा, म्हणाले तिघं.
सातवं मत अध्यक्षांचं,
ते घड्याळाचा पट्टा पुसत बसले.
मग विजयमाला सुतार उठल्या,
ज्यांची पोरगी आमची गोलकीपर,
बालवाडीतून सुटून थेट मीटिंगला आलेल्या.
"गठ्ठा माझ्याकडं द्या."
पुढं चर्चा झाली नाही.

तीन रात्री त्यांच्या गल्लीत मशीन चाललं.
शिवणी उसवल्या, शर्ट उलटे केले,
काखा, कॉलर, सगळं परत बेतलं,
पाठीवर आकडे लावले जुन्या निळ्या परकराचे.
सात रीळ दोरा लागला.
त्याची पावती त्यांनी मला आजवर दिलेली नाही.

रविवारी सामना. साहेब पुढच्या खुर्चीत.
पोरं बाहेर आली, पिवळी, कोरी,
छातीवर काही नाही.
साहेब म्हणाले, "माझा फोटो कुठाय?"
अध्यक्षांनी घड्याळाकडं बघितलं, पहिल्यांदाच.
इलाही फक्कीचे हात झटकत पुढं आला.
"आत हाय साहेब. काळजाला लागून."

साहेब हसले का, ते मला सांगता येणार नाही.
नारळ मात्र त्यांनीच फोडला.
यंदा त्यांची देणगी नाही,
त्या रकान्यात मी आडवी रेघ मारली आहे.

दोन-शून्य हरलो. बावीस पेले.

सोमवारी शर्ट धुतले आणि,
रंग उडू नये म्हणून घरोघर करतात तसे,
आतली बाजू बाहेर काढून
खणीच्या कुंपणावर वाळत घातले.
एका रांगेत पन्नास साहेब,
खाली डोकं, हसतायत,
पाण्यातल्या म्हशी माना वर करून बघतायत.

सहावीतला बाबू चिमटे लावत होता.
म्हटलं, "कोण रं ह्यो?"
त्यानं मान तिरकी करून नीट बघितलं.
"म्हाईत न्हाई काका.
आतल्या बाजूचा कुणीतरी."